न वाचलेल्या अकरा चिठ्ठ्या

सांगतो. आज सांगतोच. छातीत नुसतं धडधडतंय. भीतीनं? असेल थोडी भीती. पण त्याहून जास्त हे असं आहे की सोड्याच्या बाटलीतली गोटी दाबायच्या आधी आत कसं दाटलेलं असतं, तसं. चौदा वर्षं मी हे कुणाला सांगितलं नाही. वडिलांना नाही, दिग्याला नाही, बायकोला तर मुळीच नाही. बायकोला गेल्या रविवारी सांगितलं, आणि त्या दिवसापासून माझ्या घरात जे काही सुरू झालंय ना — ते येतोच सांगत. आधी माझं.

मी कोडोलीचा. आमच्या घरात पदवी घेतलेला पहिला माणूस. मराठी घेऊन बी.ए. झालो. लग्नाच्या पत्रिकेत माझ्या नावापुढं 'बी.ए.' छापायचं ठरलं, तेव्हा वडील स्वतः छापखान्यात जाऊन बसले आणि ती दोन अक्षरं मोठी करून घेतली. छापखानेवाला म्हणाला, "आण्णा, नावापरीस पदवी मोठी दिसायला लागली." वडील म्हणाले, "दिसू दे की! नाव काय, सगळ्यास्नीच असतंय."

मला त्याचा अभिमान होता. अजून आहे, खोटं कशाला बोलू? लग्नाआधीच मी कोल्हापुरात एका कॉलेजच्या ग्रंथालयात लागलो होतो. कुणाला निवेदन करायचं असलं, आभार मानायचे असले, निरोप समारंभ असला, की माइक माझ्याच हातात. शब्द ही माझी कमाई. आणि जे वाईट केलं, तेही मी शब्दांनीच केलं. शिवी दिली असती तर बरं होतं. मी गोड शब्द वापरले.

पण हे समजायला तुम्हाला एक गोष्ट माहीत पाहिजे. कोल्हापुरात आमच्या गल्लीत तालीम आहे. मी काही पैलवान नव्हे, अंगानं काटकुळा माणूस. पण संध्याकाळी तालमीच्या कट्ट्यावर बसायचो, आणि कट्ट्यावरची भाषा सगळी कुस्तीची. परीक्षा पास झाला तरी कुस्ती, नोकरी लागली तरी कुस्ती. आता कुस्ती दोन तऱ्हेनं संपते. एकाची पाठ मातीला टेकली तर ती निकाली. नाहीतर पंच दोघांचे हात वर करतात, बरोबरीत सोडवली म्हणतात. एवढं ध्यानात ठेवा.

लग्न झालं तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा, रूपाली चोवीसची. ती गडहिंग्लजच्याही पलीकडची, अगदी सीमेलगतची. घरात निम्मं कन्नड. आईला अव्वा, बहिणीला अक्का. लग्नानंतरच्या पहिल्या रात्रीचं मी फार काही सांगणार नाही. तो माझ्या एकट्याचा ऐवज नाही, हे कळायला मला फार वर्षं लागली. एवढंच सांगतो, की ती दोन दिवस उभी होती. हळद, अक्षता, पूजा, पाया पडणं. डोळे मिटत होते तिचे. आणि मला घाई होती. कसली? सकाळी कट्ट्यावर विचारणार होते, त्याची! तिनं नाही म्हटलं नाही. पण हो तरी कुठं म्हटलं? मी विचारलंच नाही. विचारायचं असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं — आणि मला स्वतःला तरी सुचायला काय झालं होतं? एवढी पुस्तकं वाचलेला माणूस मी.

सकाळी मिसळीच्या गाडीवर सगळे जमले. दिग्या, म्हणजे दिग्विजय, माझा सगळ्यात जवळचा दोस्त, तो ओरडला, "काय पावणं! निकाली का बरोबरीत?"

मी हात वर केला. "निकाली!"

काय तो दंगा! माझ्या पाठीवर असे रट्टे पडले की मिसळीचा कट नाकात गेला. त्या दिवसाइतका आनंद मला पदवीच्या दिवशीही झाला नव्हता. हे मी अगदी खरं सांगतोय. मला पहिल्या रात्रीपेक्षा पहिली सकाळ जास्त आठवते. मग समाधान नक्की कशाचं होतं मला? त्या मुलीचं, की त्या रट्ट्यांचं?

त्यानंतर दोन वर्षांनी मेळावा झाला.

आमच्या मंडळानं ठरवलं, गल्लीत नवीन लग्न झालेल्या जोडप्यांचा कार्यक्रम घ्यायचा. अकरा जोडपी निघाली. दिग्या आणि त्याची बायको वैशाली, मी आणि रूपाली, बाकीचे तालमीतलेच. एका डॉक्टरीण बाईंना बोलावलं. बायकांच्या डॉक्टर, बोलायला एकदम रोखठोक. त्या आल्या, खुर्ची बाजूला सारली, टेबलावरच टेकल्या आणि म्हणाल्या, भाषण मी करणार नाही. लग्नानंतरचे ते पहिले दिवस, नवराबायकोतले, कसे गेले ते प्रत्येकानं एका शब्दात लिहायचं. नाव घालायचं नाही. पुरुषांना पिवळे कागद, बायकांना पांढरे. मग सगळ्या चिठ्ठ्या मोठ्यानं वाचू, आणि त्यावरच बोलू.

हॉलमध्ये आधी कुजबुज, मग हशा, मग एकदम शांतता. बाविसच्या बावीस माणसं मान खाली घालून लिहीत होती. चिठ्ठ्या दोन पुड्यांत गोळा झाल्या. आणि तेवढ्यात डॉक्टरीण बाईंचा फोन वाजला. त्यांच्या दवाखान्यात बाई अडलेली होती. त्यांना पळणं भाग होतं.

त्यांनी दोन्ही पुडे माझ्या हातात दिले. म्हणाल्या, "तुम्ही शिकलेले आहात. वाचून दाखवा. जसं लिहिलंय तसं. पुढच्या रविवारी येऊन मी बोलते यावर."

जसं लिहिलंय तसं. हे वाक्य मी विसरलेलो नाही. म्हणजे मला नीट सांगितलं नव्हतं, असं म्हणायलाही मला जागा नाही.

आधी पुरुषांच्या वाचल्या. "झकास!" शिट्ट्या. "एक नंबर!" शिट्ट्या. "नाद खुळा!" — लोक खुर्च्यांवर उभे. "निकाली!" हा माझाच, सगळ्यांना माहीत. दिग्यानं तर मांडीवर शड्डू ठोकला. एका चिठ्ठीत कुणीतरी 'भीती' लिहिलं होतं. ती मी वाचली, आणि सगळे पोट धरून हसले, मीही हसलो. कुणाची होती ती? त्या माणसानं हसायला तोंड कसं उघडलं असेल? ते मला तेव्हा सुचलं नाही. मी रंगात आलो होतो. माइक गरम झाला होता.

मग पांढरा पुडा घेतला. पहिली चिठ्ठी उघडली.

'उरकलं.'

एवढंच. आणि ते अक्षर मला ओळखू आलं. रूपालीचा 'क' गोल असतो, कन्नड अक्षरासारखा, एकदम गुबगुबीत. आणि अक्षर नसतं ओळखलं तरी शब्द ओळखला असता. तो तिचा रोजचा शब्द. भांडी उरकली. धुणं उरकलं. दळण उरकलं.

आणि मी उरकलो.

सांगा, मी काय करायला पाहिजे होतं? वाचायला पाहिजे होतं. कुणाला कळणार होतं? नाव नव्हतं चिठ्ठीवर. नुसतं 'उरकलं' म्हणून पुढं जायचं, बस्स. पण मला वाटलं, सगळ्यांना दिसतंय. आत्ताच तर 'निकाली' म्हणून शिट्ट्या घेतल्या होत्या मी! माझं तोंड उघडलं आणि त्यातून आलं, "छान!"

टाळ्या.

इथवर असतं तरी एका चिठ्ठीचं खोटं झालं असतं. घाबरट माणसाचं खोटं. पण थांबलो नाही मी. दुसरी उघडली, तिच्यावर होतं 'रडलो'. आमच्याकडच्या बायका बोलताना 'मी आलो, मी गेलो' असंच म्हणतात, तसंच लिहिलं होतं. मी वाचलं, "मोगरा!" तिसरीवर 'घाई'. मी वाचलं, "चांदणं!" चौथीवर 'दुखलं'. मी वाचलं, "अमृत!" अहो, काय टाळ्या पडत होत्या! एकेका शब्दाला बापईमाणसं एकमेकांना टाळी देत होती. आणि मला — हेही लिहितो — मला मजा येत होती. हीच ती गोष्ट. मी घाबरलो होतो म्हणून पहिला शब्द बदलला. बाकीचे दहा मला मजा आली म्हणून बदलले. बी.ए. मराठी! एकाहून एक शब्द सुचत होते. एकीनं खरोखरच 'गोड' लिहिलं होतं. ती एकटीच. तोसुद्धा मी बदलला, कारण 'गोड' हा शब्द मला जरा साधा वाटला. वाचलं, "स्वर्ग!"

आणि मला दिसत होतं. हे मला सांगितलंच पाहिजे. मला दिसत होतं. पुरुषांची चिठ्ठी वाचली की ज्याची असेल तो गालात हसायचा, लपवायचा प्रयत्न करायचा, कळायचंच. बायकांच्या बाजूला एकही बाई हसत नव्हती. टाळ्या वाजवत होत्या, पण हळूच शेजारणीकडं बघत होत्या. मग खाली बघत होत्या. अकरा जणी. प्रत्येकीला माहीत होतं की आपला शब्द अजून आलेला नाही. प्रत्येकजण वाट बघत असणार — आता येईल, आता येईल. शेवटची चिठ्ठी झाली, टाळ्यांच्या दंग्यात किती झाल्या ते कुणी मोजलं नाही. आला नाही. आणि प्रत्येकीला काय वाटलं असेल? की आपली चिठ्ठी या माणसानं लाजेकाजेस्तव गाळली. बाकी सगळ्यांचा मोगरा, सगळ्यांचं चांदणं. मीच एक नासकी.

हे मी केलं. एका हॉलमध्ये दहा बायकांचं दुखणं एकसारखं होतं, हातभर अंतरावर बसल्या होत्या, आणि ते त्यांना एकमेकींकडून कळण्याच्या आत मी ते मधल्यामधे खाऊन टाकलं.

चिठ्ठ्या हॉलमागच्या गटारीत फाडून टाकल्या. दोन दिवसांनी डॉक्टरीण बाईंनी बोलावून घेतलं. बायकांचं काय आलं, म्हणाल्या. मी म्हटलं, सगळं छान आलं मॅडम. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "सगळंच? दवाखान्यात तर मी दुसरंच ऐकते रोज." मी म्हटलं, आमच्या गल्लीत तरी छान आहे. "मग माझी काही गरज नाही म्हणायची," म्हणाल्या, आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. तो दुसरा रविवार कधी झालाच नाही.

आणि रूपाली? मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती गच्चीवर धुणं वाळत घालत होती. चिमटा दातांत धरून म्हणाली, "बाकीच्या सगळ्या जणींनी छानच लिवलंय व्हय ओ?"

"व्हय."

"दहाच्या दहा?"

"दहाच्या दहा."

तिनं चिमटा दोरीला लावला. मग साडी झटकली, आणि त्या झटक्यातच म्हणाली, "मग माझ्यातच कायतरी कमी हाय."

गच्चीवर आम्ही दोघंच. एक वाक्य लागत होतं फक्त. मी काय म्हणालो माहीत आहे? म्हणालो, "हुईल की सवय."

सवय झाली. त्यानंतर मी कधी विचारलं, की ती म्हणायची, "छान." चौदा वर्षं, "छान". मला वाटायचं, बघा, सुधारलं की आमचं! आणि तरी कुठंतरी मला माहीत होतं. तो शब्द तिचा नव्हताच. माझा होता. मी माइकवर फेकला तो तिनं उचलला आणि मलाच परत देत राहिली. आता तुम्ही मला विचाराल, की बाबा, ही सगळी वर्षं तिला खरंच कसं वाटत होतं? मला माहीत नाही. सोळा वर्षांच्या संसारात मला हे माहीत नाही, आणि ते मला माहीत नसण्याची सोय मीच करून ठेवली होती.

मग पंधरा दिवसांमागं केळवण झालं. रूपालीच्या अक्काची मुलगी प्रियांका, सव्वीस वर्षांची, पुण्यात नोकरी करते, पुढच्या महिन्यात लग्न आहे तिचं. आम्ही जेवायला बोलावलं. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, सगळं यथासांग. जेवण झालं, मावशी-भाची आत ओट्यापाशी, मी बाहेर बडीशेप चघळत. आणि मुलीनं विचारलं. आताच्या मुली विचारतात, बरं आहे. "मावशी, खरं सांग. पहिल्यांदा कसं असतंय?"

आतून भांड्यांचा आवाज थांबला. आणि रूपाली म्हणाली, "सगळ्यांचं छानच असतंय गं. माझंच तेवढं न्हवतं. माझ्यातच खोट हुती. तू नको भिऊ."

बडीशेप तोंडात तशीच राहिली माझ्या. मी मेळाव्यात मारलेली थाप आता दुसऱ्या पिढीच्या पदरात पडत होती. ती मुलगी आता हेच घेऊन जाणार. उद्या तिला काही बोचलं, दुखलं, नको वाटलं, तर ती काय समजणार? की मावशीसारखी खोट आपल्यातही आहे. घराण्यातच आहे!

त्या दिवशी बोललो नाही. भेकड माणूस, आठवडा घालवला. गेल्या रविवारी रूपाली चटणीसाठी मिरच्यांचे देठ काढत बसली होती. मी समोर जाऊन बसलो, आणि सांगितलं. सगळं. पुडा, गोल 'क', मोगरा, गटार. सलग बोलत होतो, कारण मधे थांबलो असतो तर उठून पळालो असतो.

ती देठ काढतच राहिली. चारपाच मिरच्या तशाच झाल्या. मग विचारलं, "दुसरीनं काय लिवलं हुतं?"

"रडलो."

"आणि?"

मी सांगत गेलो. घाई. दुखलं. कळलं नाही. झोप येत होती. एकीनं तर एका शब्दात मावत नाही म्हणून सबंध ओळ लिहिली होती, 'मला कुणी विचारलं नाही'. एक कोरी होती. नुसती घडी घातलेली. एकीचंच तेवढं 'गोड'. दोन मला आता आठवत नाहीत, आठवत असत्या तर सांगितलं असतं.

तिचे हात थांबले. माझ्याकडं बघितलं नाही. "म्हंजे दहा जणी," ती म्हणाली. "म्हंजे मी एकटी न्हवतो."

"नव्हतीस."

मग ती हसली. हसली म्हणजे — तसं हसणं मी तिचं ऐकलेलं नव्हतं. आणि हसता हसता एकदम म्हणाली, "आणि तुमचं ते निकाली. निकाली म्हंजे कोण हरलं ओ?"

तिखटाचे हात तसेच पदराला पुसून ती उठली, फोन घेतला आणि आत गेली. वैशालीला लावला. मला ऐकू येत होतं, सगळ्या गल्लीला ऐकू येत असेल! "वैशे, खरं सांग, मेळाव्यात काय लिवलंवतंस? … अगं चिठ्ठी गं! … घाई? आगं आई! … न्हाय, न्हाय, त्यानं सगळ्याच बदलल्या! … अगं व्हय, माझ्याच नवऱ्यानं, दुसरा कोण?" दोघी हसत होत्या. मग एकदम आवाज बारीक झाले. मग रूपाली रडत होती, फोनवरच, आणि तिकडून वैशालीही बहुतेक. मग पुन्हा हसणं. मग तिनं तिसरीला लावला.

बुधवारी दुपारी आमच्या घरी सात जणी जमल्या, रूपाली धरून. मी कामावरून लवकर आलो, मला माहीत नव्हतं. दारात चपलांचा ढीग. आत असा कालवा, की लग्नघर वाटावं. मी मागं फिरणार तेवढ्यात वैशालीनं बघितलं.

"या की भावजी! या. निवेदक आले गं!"

उभा राहिलो. बसायला कुणी सांगितलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

"माझी चिठ्ठी 'घाई' हुती. तुम्ही काय वाचलासा?"

मी म्हटलं, "चांदणं."

"चांदणं!" ती अशी ओरडली की बाकीच्या दचकल्या. "अवो, आमच्या खोलीच्या पत्र्याला भोक हुतं, तेवढंच काय ते चांदणं!"

हसून हसून एकीला ठसका लागला. मग दुसरीनं विचारलं, मग तिसरीनं. मी एकेकीला सांगत होतो. शेवटची होती ती कोपऱ्यातली, गेल्या साली नवरा वारलेली. ती हसत नव्हती. म्हणाली, "माझी कोरी हुती. तिच्यावर काय वाचलं?"

मला आठवत होतं. "स्वप्न," मी म्हटलं.

ती म्हणाली, "मला लिवायला सुचत न्हवतं. मला वाटलं, बाकीच्यांचं ऐकून कळंल, याला काय म्हणत्यात ते." आणि मग माझ्याकडं बघून म्हणाली, "म्हणून मी थांबलो हुतो, शेवटपर्यंत."

मी चपला तशाच पायात सरकवल्या. बाहेर आलो.

पुरुषांनाही कळलंच. दिग्या मला भेटायला आला, मला वाटलं मारतोय आता. मारलं असतं तरी चाललं असतं. तो कट्ट्यावर बसला, खाली मान घालून. म्हणाला, "तवा वाचलं असतंस तर मला तवाच कळलं असतं की रं. चौदा वर्सं मी आपला चांदण्यातच." आणि उठून गेला. त्यानंतर बोललेला नाही. पुरुषांतही काही चांगले होते, त्यांची संधीही मी मधेच कापली. एखाद्यानं त्या रात्रीच घरी जाऊन विचारलं असतं. दिग्यानं नक्कीच विचारलं असतं.

गुरुवारी रूपालीनं प्रियांकाला फोन लावला. मी समोरच होतो, तिनं मला जा म्हटलं नाही, थांब म्हटलं नाही. म्हणाली, "त्या दिवशी मी सांगितलं ते खोटं हुतं, मलाच तसं सांगितलेलं. आता नीट ऐक. दमली असशील तर झोपायचं. त्याला सांग, आधी विचार. आणि न्हाय जमलं, तर खोट तुझ्यात न्हाय, ध्यानात ठेव. आणि तुला जे वाटंल ते मला सांग, आहे त्या शब्दात. मी सहा जणींची नावं देतो तुला, कुणालाबी फोन लाव." मग पलीकडून ती मुलगी काहीतरी बोलली आणि रूपाली लाजली. चाळीस वर्षांची बाई, कानापर्यंत लाल झाली. ती काय बोलली, मी विचारलं नाही.

रूपाली माझ्याशी भाजी, गॅस, पाणी एवढंच बोलते. 'छान' म्हणत नाही.

अकरा जणींतल्या सात जणींना आता कळलं आहे. चार जणी कोल्हापूर सोडून गेल्या. नवऱ्यांच्या बदल्या झाल्या, नंबर बदलले, रूपाली अजून शोधते आहे. म्हणून मी हे लिहून छापायला देतोय. त्या चौघींपैकी कुणी वाचत असेल तर, बाई, तुमची चिठ्ठी मी गाळली नव्हती. मी ती उघडली होती, वाचली होती, तुमचा शब्द मला स्वच्छ दिसला होता. आणि मी मोठ्यानं दुसराच सांगितला. तुमच्या शेजारी बसलेलीनंही तुमच्यासारखंच लिहिलं होतं.